तिघांच्या तीन बैठका

राजकारण, देव आणि चांगली दारू या तिन्ही विषयांवर ज्याची मतं ठाम असतात, त्या माणसावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. माझे सासरे तिन्हींवर ठाम आहेत. निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक माणूस लबाड, देवळात मोठ्याने प्रार्थना करणारा प्रत्येक माणूस कर्जबाजारी आणि बाटलीला हात लावणारा प्रत्येक माणूस वाया गेलेला. लग्नाआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "घेता का?"

मी घाईघाईत म्हणालो, "चहासुद्धा नाही."

तेव्हापासून ते मुक्कामाला आले की मी चहादेखील गोदामातच पितो. तिथे मी आलेला माल तपासतो. वरून कितीही नीट बांधलेलं खोकं असो, आत काहीतरी फुटलेलं असणार असं धरूनच उघडायचं, ही माझी सवय. ती घरी येताना काढून ठेवता येत नाही.

या वेळी सासऱ्यांचा मुक्काम लांबला, कारण त्यांची लेक निवडणुकीला उभी होती. आमच्या इमारतीच्या अध्यक्षपदाची. समोर तिसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. अर्धी इमारत त्याच्यापुढे तोंड उघडून बसलेली, त्यामुळे त्याच्याविरुद्ध कोणी तोंड उघडत नव्हतं. बायकोची सगळी मदार तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांवर होती. ती मतं मिळाली तर अध्यक्ष, नाहीतर पुढची पाच वर्षं जिन्यात डॉक्टरकडे बघून हसायचं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात एकच शब्द ऐकू यायचा. बायको पत्रकं घेऊन निघताना म्हणायची, "बैठक आहे." सासरे पायात चपला सरकवत म्हणायचे, "बैठकीला जाऊन येतो." आणि मी म्हणायचो, "आमचीही ऑफिसात बैठक आहे."

बायकोची बैठक प्रचाराची. माझी कसली, ते सुज्ञांना सांगायला नको. प्रश्न सासऱ्यांचा होता.

"बाबांची प्रार्थनेची बैठक असते," बायको म्हणाली. "तळमजल्यावरच्या शिंपीकाकांकडे."

मला खोक्यात काहीतरी वाजल्यासारखं झालं. कारण त्या बैठकीहून सासरे परतायचे ते गाल लाल, तोंडात लवंग आणि ओठांवर गाणं. त्यात एकदा त्यांनी माझी पाठ थोपटली! प्रार्थना करून आलेल्या सासऱ्याने विनाकारण जावयाची पाठ थोपटल्याचं तुम्ही कधी ऐकलंय?

म्हातारा घेत होता. आणि तो घेत असेल, तर मी इतकी वर्षं घरात चहा का चोरून प्यावा? माळ्यावर ड्रिलच्या खोक्यात साहेबांनी दिलेली उंची बाटली अज्ञातवासात होती. तिला उजेडात आणायची वेळ आली होती. पुढच्या शनिवारी मी सासऱ्यांना गॅलरीत गाठलं.

"बाबा, मलाही बैठकीला यायचंय."

ते थबकले. "तुम्हाला? आवड आहे?"

"कॉलेजपासून. घरात बोलायची सोय नव्हती."

"पण झेपेल का? नवीन माणसाच्या पायाला मुंग्या येतात. उठताना तोल जातो."

"सवय आहे."

"लेकीला सांगितलंत?"

"नाही बुवा."

"नकाच सांगू. या गोष्टींचा गाजावाजा करू नये." त्यांचा आवाज हळवा झाला. "फक्त येताना आपापली आणायची. शिंपीकाकांकडे जास्तीच्या असतात, पण ज्याला त्याला सवयीचीच बरी."

"तुमची कुठली?"

"माझी बारा वर्षांची जुनी आहे. नवी टोचते हो."

बारा वर्षांची! मला सासऱ्यांबद्दल प्रथमच आदर वाटला.

ते पुढे गेले. बाटली काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून मी पोचेपर्यंत थोडा उशीर झाला. शिंपीकाकांच्या खोलीत शिवणयंत्रं भिंतीला सरकवून सगळे म्हातारे खाली बसले होते. डोळे मिटलेले. कोणी हलत नव्हतं. कोपऱ्यात निवृत्त शाळामास्तरीणबाई तर चक्क डुलत होत्या. यांची एक फेरी झालेली दिसते, असं मनाशी म्हणत मी मधोमध बाटली ठेवली आणि कागद सोडला.

"माझीही बारा वर्षांचीच आहे बरं का, बाबा. करू या सुरुवात?"

एकेक डोळा उघडला. शिंपीकाकांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे, जणू माप घेत होते.

सासरे हळूच म्हणाले, "जावईबापू, चटई कुठाय?"

चटई! पंधरवडाभर रचलेला माझा सगळा तर्क त्या तीन अक्षरांवर आपटला. प्रत्येकाच्या बुडाखाली आपापली, सवयीची चटई होती.

मास्तरीणबाई ताठ झाल्या. "मतांसाठी बाटली? बायकोने पाठवलंय का तुम्हाला?"

खोलीतली हवा बदलली. बायकोचं अध्यक्षपद माझ्या डोळ्यांदेखत डॉक्टरच्या खुर्चीत जाऊन आडवं झालं. सासऱ्यांचा चेहरा शिवणयंत्राच्या लोखंडासारखा. आता काहीतरी बोलणं भाग होतं.

"मी... ही सोडायला आणलीय," मी म्हणालो. "आजपासून बंद. म्हटलं, चारचौघांच्या साक्षीने सोडावी."

मास्तरीणबाईंनी पदराने डोळे टिपले. शिंपीकाका उठून मला कवेत घेते झाले. त्यांनी बाटलीवर माझा हात ठेवून शपथ म्हणवून घेतली, वर दर शनिवारी बैठकीला यायचंही कबूल करवलं. सासरे खालमानेने म्हणाले, "म्हणजे कॉलेजपासून?"

"ओतून टाकतो मोरीत," म्हणत शिंपीकाका बाटली घेऊन आतल्या खोलीत गेले. ओतल्याचा आवाज काही मला आला नाही. पण त्या वेळी मी शंका घ्यायच्या अवस्थेत नव्हतो.

बायको निवडून आली, तळमजल्याच्या सगळ्या मतांनी. जी बाई अशा नवऱ्याला सुधारू शकते ती इमारतीचा जिनाही सुधारेल, असं मास्तरीणबाईंनी दारोदार सांगितलं होतं. बायकोने हे मला दोन वेळा ऐकवलं. दुसऱ्या वेळी "अशा नवऱ्याला" वर जोर होता.

निवडणूक संपली तरी सासऱ्यांचा मुक्काम हललेला नाही, आणि आता मीही दर शनिवारी नवी चटई घेऊन जातो. ती टोचते. तासभर डोळे मिटून प्रार्थना होते, लवंग वाटली जाते. मी एक डोळा किंचित उघडा ठेवून आतल्या खोलीच्या दाराकडे बघत असतो. काही म्हणजे काही होत नाही. घरी येताना सासरे माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत.

मध्यंतरी एका शनिवारी गोदामात खरोखरच काम निघालं आणि माझी बैठक चुकली. त्या संध्याकाळी सासरे गाणं गुणगुणत घरी आले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.