जनाकाका आणि गार टायर

आमच्या आटगावच्या आळीत सकाळी सहाला कुणी तुमच्या गाडीच्या चाकाशी उकिडवं बसलेलं दिसलं, तर चोर समजून ओरडू नका. ते आमचे जनाकाका. गाडी तुमची असली तरी टायरमधली हवा आपली, असं ते मानतात. स्वतःकडे मात्र सायकल आहे.

वाशिंदच्या एका कारखान्यात काकांची सगळी नोकरी बॉयलरच्या काट्यावर नजर ठेवण्यात गेली. निवृत्त झाले, पण काटा सुटला नाही. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी प्रेशर गेज असतं. मी गाडी घेतली तेव्हा पेढा हातात तसाच धरून त्यांनी आधी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि चौकटीवरचं स्टिकर वाचलं. "मास्तर, कंपनीनं आकडा इथं लिवलाय. तेहतीस. गाडी भरून जायची आसंल तर मागं जास्त. टायरवरचा आकडा बघू नका, ती शेवटची हद्द हाय."

मी म्हटलं, पंपावर तर सगळ्यांना सरसकट चाळीस भरतात. काकांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी नापास मुलाकडेही पाहत नाही.

दसऱ्याला त्यांचा थाट बघावा. गाड्या धुऊन रांगेत उभ्या, झेंडूचे हार तयार, पण काकांचं गेज स्टेपनीपर्यंत फिरल्याशिवाय एकही हार चढत नाही. "देव थांबतो, हवा थांबत नाय," म्हणतात. बाकीच्या गावांत टायरला लाथ मारून हवा ओळखतात. आमच्या आळीत आकडा लागतो, आणि मला त्याचा अभिमान आहे.

एका बाबतीत काका फार कडक. नुकत्याच चालून आलेल्या गाडीला ते गेज लावत नाहीत. गरम टायर आकडा चढवून दाखवतो, म्हणून गाडी तीन तास उभी हवी.

त्यांची मुलगी वैशाली नाशिकला नर्स आहे. काकी गेल्यापासून काका एकटेच असतात, म्हणून ती महिन्यातून एका रविवारी येते. "कसारा घाट एकटी उतरते माझी पोर," हे काका भाजीवाल्यालासुद्धा ऐकवतात. गेल्या रविवारी मी काकांच्या अंगणातच होतो. ती गाडीतून उतरताच म्हणाली, "बाबा, अर्ध्या तासात निघते. कामं पडलीत."

काकांनी टायरला हात लावला. "तापलाय गो. हवा बघितल्याबिगर सोडनार नाय. तवर जेव." आणि ते परसात केळीचं पान कापायला गेले.

मी तिला म्हटलं, "घाई असेल तर नीघ, मी समजावतो त्यांना."

तिने हसून गाडीची चावी फिरवली. समोरच्या पडद्यावर चारही चाकांचे आकडे उमटले. "सर, गाडीच दाखवते. सकाळी निघतानाच बघितलं, चारही बरोबर होते."

"मग काकांना सांगत का नाहीस?"

"सांगितलं तर मला थांबवतील कसे? तोंडाने 'थांब' म्हणायचे नाहीत कधी."

तिने पडदा बंद केला, चपला काढल्या आणि परसाकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, आज लई तापलेत. चार तास तरी लागतील."

"लागनारच," परसातून काका तोऱ्यात म्हणाले.