वडलांची गाडी नेमकी कोणती

जागा एका गाडीची उरली होती आणि गाड्या तीन होत्या. मुलीने मोजपट्टीचं एक टोक शेडच्या भिंतीला लावलं, दुसरं वडलांच्या हातात दिलं आणि त्यांना मागे मागे सरकवत थेट कुंपणाला टेकवलं.

"एवढी पट्टी तुमची, बाबा. शेड माझी. खुर्ची पुढच्या शनिवारी येतेय."

खुर्ची म्हणजे दातांच्या डॉक्टरची खुर्ची. चार वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात दात काढून झाल्यावर मुलगी आता स्वतःचा दवाखाना थाटणार होती. तो घरामागच्या शेडमध्ये थाटायचा, हे घरात एकमताने ठरलं होतं. ठरलं तेव्हा वडील दुकानात होते, त्यामुळे एकमत व्हायला वेळ लागला नाही.

वडलांना सगळा बाजार 'काटेवाले' म्हणत असे. तीस वर्षं ते वजनकाटे दुरुस्त करत होते. सोनाराच्या काचेतल्या तराजूपासून वखारीतल्या लाकडं तोलायच्या काट्यापर्यंत कुठलाही काटा त्यांच्या हाताखालून गेला की केसभरही खोटं बोलत नसे. असा हा काटेकोर माणूस मागच्या शेडमध्ये मात्र चौदा वर्षं तीन बंद गाड्यांचा संसार करत होता.

तिन्ही एकाच बनावटीच्या. पहिली, म्हणजे थोरली, त्यांच्या वडलांची. वडील गेले तेव्हाच ती बंद होती, आणि ती एकदा तरी चालू करून दाखवायची असं काटेवाल्यांनी मनाशी घेतलं होतं. कुणाला दाखवायची, हे त्यांना कुणी विचारलं नाही. थोरलीला सुटे भाग मिळावेत म्हणून मधली आणली. ती एका बँडमास्तराची होती. घरी आणल्यावर असं दिसलं की मधलीची तब्येत थोरलीहून बरी आहे, थोडक्यासाठी मोडायला नको. म्हणून तिला सुटे भाग मिळावेत यासाठी धाकटी आणली.

"बाबा, दाताचं कसं असतं सांगू?" मुलगी मोजपट्टी गुंडाळत म्हणाली. "एक वाचवायचा तर शेजारचे दोन कधीकधी काढावे लागतात. दुखतं, पण चार दिवसांनी बरं वाटतं."

"मला विचार करायला हवा," काटेवाले म्हणाले. पण विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. वडलांची गाडी राहणार आणि बाकीच्या दोन जाणार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं.

दुसऱ्याच दिवशी भंगारवाला आला. खिशाला पेन लावलेला गंभीर माणूस होता, गाड्यांकडे पाहताना टोपी काढून हातात धरत असे. त्यामुळे त्याच्याविषयी काटेवाल्यांचं मत चांगलं झालं.

"भिंतीकडची राहू द्या, ती वडलांची," काटेवाले म्हणाले. "बाकीच्या दोन न्या."

"कागद द्या म्हणजे झालं. सांगाड्यावरचा नंबर कागदाशी जुळवतो आणि उचलतो."

इथे एक अडचण आली. काही वर्षांपूर्वी एक कारखाना बंद पडला तेव्हा काटेवाल्यांना करड्या अस्तराच्या रंगाचं अख्खं पिंप फुकट मिळालं होतं. फुकटचा रंग वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तिन्ही गाड्या बंपरपासून बंपरपर्यंत त्यात बुडवून काढल्या होत्या. नंबरपाट्या तर त्याआधीच उतरवून ठेवलेल्या. भंगारवाल्याने खिशातून पत्र्याचा तुकडा काढला, एकेका गाडीचा रंग हलक्या हाताने खरवडला आणि नंबर वाचले. मग त्याने टोपी पुन्हा काढली.

"काटेवाले, तुम्ही ठेवताय ती बँडमास्तराची आहे."

"शक्य नाही. वडलांची गाडी पहिल्यापासून भिंतीकडे असते."

"सहा वर्षांपूर्वी शेडची फरशी बदलली होती ना हो," स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली. "तेव्हा तिन्ही बाहेर काढल्या होत्यात. परत आत कुणी ढकलल्या?"

परत आत त्यांनीच ढकलल्या होत्या. करड्या रंगाच्या तीन गाड्या, एकामागून एक, मिळेल त्या क्रमाने.

काटेवाले पायरीवर बसले. गेली सहा वर्षं दर रविवारी ते त्या भिंतीकडच्या गाडीत स्टिअरिंगमागे बसून वडलांशी बोलत आले होते. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. दुकानाचं सांगत, गुडघ्याचं सांगत. मुलगी डॉक्टर झाली ते स्वतःच्या आईला सांगायच्याही आधी त्यांनी तिथे येऊन सांगितलं होतं आणि डोळे पुसले होते.

"म्हणजे मी रविवारचा चहा बँडमास्तराच्या गाडीत आणून देत होते म्हणायचं," बायको म्हणाली. मग नवऱ्याचा चेहरा बघून तिने खिडकी लोटून घेतली.

भंगारवाला समजूतदार निघाला. "मग सोपं आहे. खरी वडलांची आहे ती मधोमध उभी आहे. ती ठेवा."

पण काट्याच्या कारागिराला अर्धवट खरं चालत नाही. काटेवाल्यांनी आतून वही आणली. कुठल्या गाडीचा कुठला भाग कुठल्या गाडीत गेला याची चौदा वर्षांची नोंद त्या वहीत होती. थोरलीचं स्टिअरिंग मधलीला, तात्पुरतं. मधलीचा उजवा दरवाजा धाकटीला, तात्पुरता. धाकटीचं इंजिन थोरलीत, तपासण्यापुरतं. अशी अकरा पानं भरली होती, आणि एकही तात्पुरती गोष्ट परत घरी आलेली नव्हती. मधोमध उभी होती तिच्यात वडलांचा सांगाडा, मागची काच आणि एक बिजागरी, एवढंच वडलांचं होतं. बाकीचे वडील दोन गाड्यांत विखुरले होते.

"आठ दिवस द्या," ते भंगारवाल्याला म्हणाले. "सगळे एका जागी आणतो. मग उरलेलं तुमचं."

ते आठ दिवस घराने कसे काढले ते घरालाच ठाऊक. दुकानाला कुलूप लागलं. पहिल्या तीन दिवसांत काटेवाल्यांनी तिन्ही गाड्या पार उघड्या केल्या. शेडमध्ये तीन गाड्या होत्या तोवर निदान कडेने चालता येत होतं, आता पाय ठेवायला जागा उरली नाही. पोटमाळ्यावरून तीन कार्बोरेटर उतरले. बायकोने कपाट उघडलं तर चादरींच्या मागे गाड्यांच्या दिव्यांची तबकं.

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" ती म्हणाली. "अहो, त्या पोरीचा दवाखाना व्हायचाय तिथे. तुम्ही तर कारखाना काढलात."

"शनिवारच्या आत होतं."

मुलगी संध्याकाळी येऊन मदतीला बसायची. दातांच्या बारीक चिमट्याने ती गंजलेले स्क्रू असे अलगद काढायची की काटेवाल्यांना अभिमान वाटायचा आणि लाजही वाटायची. ती कुरकुर करत नव्हती. ती कुरकुर करत नव्हती म्हणूनच त्यांना जास्त लागत होतं.

शनिवारी खुर्ची आली. ती आणणाऱ्या चौघांनी शेडमध्ये डोकावून पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि खुर्ची अंगणात, लिंबाच्या झाडाखाली ठेवून दिली. वरून प्लास्टिक घातलं. दुपारभर शेजारपाजारचे येऊन प्लास्टिकखाली कोण आहे ते विचारून गेले.

आणि संध्याकाळी पाच वाजता वडील पूर्ण झाले. वहीतल्या प्रत्येक ओळीवर रेघ मारून झाली होती. वडलांच्या सांगाड्यावर वडलांचे दरवाजे, आत वडलांचं जॅम झालेलं इंजिन, वडलांचं तडा गेलेलं स्टिअरिंग. काटेवाल्यांनी हात धुतले, धुतलेला शर्ट घातला आणि दार उघडून आत बसले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं. सहा वर्षांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं.

त्यांनी क्लचवर पाय ठेवला आणि पाय क्लचसकट तळाचा पत्रा फोडून जमिनीवर गेला.

पाय आत जायला निमिष लागलं, बाहेर यायला पाऊण तास. मुलगी गाडीखाली आडवी पडून चिमट्याने पत्र्याच्या कडा एकेक करून वाकवत होती. "हलू नका बाबा, दीर्घ श्वास घ्या," असं ती पेशंटला म्हणावं तसं म्हणत होती. जखम फार नव्हती, पण आधीच दुखरा असलेला गुडघा चांगलाच मुरगळला.

हा गोंधळ ऐकून पुढच्या खोलीतून काटेवाल्यांची आई काठी टेकत आली. ब्याऐंशी वर्षांच्या आईच्या तोंडात मोजून चार दात होते. त्यांचा वापर ती खाण्यापेक्षा बोलण्यासाठी करत असे.

"काय चाललंय रे हे?"

"आई, ही बघ." काटेवाले म्हणाले. "बाबांची गाडी. अगदी जशीच्या तशी. एकही भाग परका नाही."

आईने गाडीभोवती एक फेरी मारली. दिव्याला काठी लावून पाहिली.

"अगं बाई, हेच ते खटारं! ह्यांना कधी एक दिवस आवडली नाही ही."

"काय?"

"चढ आला की धापा टाकायची. तीनदा विकायला काढली ह्यांनी. गिऱ्हाईक दारात आलं की तू चाकाला मिठी मारून भोकाड पसरायचास. सहा-सात वर्षांचा असशील. मग हे म्हणायचे, राहू दे, पोराचा जीव आहे तिच्यावर. शेवटपर्यंत ठेवली ती तुझ्यासाठी."

बायकोने पदराचं टोक तोंडाशी धरलं. ती हसत होती की काय होतं ते सांगता आलं नसतं.

"आई, हे चौदा वर्षांत कधी बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलंस? मला वाटलं, तुला आवडते गाडी."

काटेवाल्यांना गाडी आवडत होती का? त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्यांना ग्रीसचा वास सोसत नव्हता. गाडीखाली झोपलं की पाठ धरायची. त्यांना वडील आवडत होते, आणि वडलांना गाडी आवडते अशी त्यांची समजूत होती, बस्स. नको असलेली गाडी मुलासाठी जन्मभर ढकलत राहिलेला तो माणूस त्यांना त्या घटकेला जितका जवळ वाटला तितका कुठल्याच रविवारी वाटला नव्हता. आणि त्याच्या पाठोपाठ, थोडं शरमतच, त्यांना हलकंही वाटलं.

सोमवारी भंगारवाला आला, त्याने टोपी काढली आणि विचारलं, "मग, कोणत्या दोन?"

"तिन्ही न्या," काटेवाले म्हणाले. ते मनापासून म्हणाले. मुलीला सगळी जागा मिळेल, कुंपणाकडच्या पट्टीत पेशंटांसाठी दोन बाकंसुद्धा बसतील, असं ते मनात मांडत होते. तेवढ्यात गुडघ्यातून अशी कळ आली की त्यांना जवळच्या गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकावे लागले. त्यांनी डोळे मिटले, मान खाली घातली आणि कळ ओसरायची वाट पाहत तसेच उभे राहिले.

मुलगी शेडच्या दारातून पाहत होती. वडलांचे बॉनेटवरचे हात तिने पाहिले, मिटलेले डोळे पाहिले, आणि ती पुढे धावली.

"थांबा!" ती भंगारवाल्याला म्हणाली. "एक राहू द्या."

"कशाला गं?" काटेवाले दचकले.

"मला हवीय, बाबा." तिने नजर चुकवली. "लहानपणापासून बघतेय. मला सवय आहे तिची."

काटेवाल्यांनी मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. हिचा एवढा जीव आहे आणि आपल्याला पत्ता नाही! त्यांना स्वतःचा राग आला.

"कोणती ठेवू?"

तिला तिन्ही सारख्याच दिसत होत्या. वडलांचे हात होते त्या गाडीकडे तिने बोट दाखवलं. ती बँडमास्तराची होती.

"राहू दे," काटेवाले घाईने म्हणाले. "काही हरकत नाही. मी बघतो हिचं सगळं."

महिन्याभरात दवाखाना सुरू झाला. पट्टीत बाकं काही बसली नाहीत, कारण पट्टीत गाडी होती. घरच्या माणसापासून सुरुवात करावी म्हणून पहिली पेशंट आजीच ठरली. उरलेल्या चार दातांना सोबत म्हणून तिला कवळी बसवायची होती. काटेवाले आईचा हात धरून गाडीच्या कडेने अंग चोरत तिला दारापर्यंत घेऊन आले. गाडीला नवं चाक लावून ते नुकतेच उठले होते, अंगाला ग्रीसचा वास येत होता.

"अरे, पुन्हा हे?" आई म्हणाली.

"हळू बोल," ते कुजबुजले. "मला नकोच होती गं. पोरीचा जीव आहे तिच्यावर, म्हणून ठेवली."

आजी खुर्चीत आडवी झाली. नातीने मापाचा गुलाबी लगदा भरलेला साचा तिच्या तोंडात घट्ट बसवला आणि बोटांनी दाबून धरला.

"पाच मिनिटं अजिबात बोलायचं नाही, आजी. माप बिघडेल."

आजीने मान हलवली. खिडकीतून कुंपणाकडची गाडी दिसत होती आणि काटेवाले वाकून तिची काच पुसत होते. नात त्यांच्याकडे पाहत राहिली.

"अडचण होते गं खूप," ती हळूच म्हणाली. "पेशंट बसवायला जागा नाही. पण काय करणार? बाबांचा जीव आहे तिच्यावर, म्हणून ठेवली. त्यांना मात्र तू सांगू नकोस हं."

आजीचे डोळे मोठे झाले. तिने एक हात वर केला, मग दुसरा केला, आणि लगद्याआडून काहीतरी मोठ्याने म्हटलं.

"हलू नकोस आजी," नात प्रेमाने म्हणाली. "अजून चार मिनिटं आहेत."