एकाच थानाच्या दोन शेरवान्या

दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून ताराचंदच्या पोटात कधी दुखत नसे. अपवाद एकच, साडभाऊ.

ताराचंद हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बाबू. साडभाऊ म्हणजे ताराचंदच्या बायकोच्या, अंकिताच्या, मोठ्या बहिणीचा नवरा, वर्ध्याचा दुर्गेश. वयानं चार वर्षांनी मोठा आणि गेल्या दिवाळीपर्यंत पोटानंही मोठा. (ताराचंदच्या आयुष्यातलं तेवढंच एक निर्भेळ सुख होतं.) मेव्हण्याचं लग्न ठरलं. सासूबाईंनी एकाच थानातून दोन्ही जावयांना शेरवान्या काढल्या. डोमाजी टेलरकडे माप द्यायला दुर्गेश आला आणि ताराचंद बघतच राहिला. पोट गायब!

"इंटरव्हल, साडभाऊ," दुर्गेश म्हणाला. "एक मिनिट जीव तोडून पळाचं, दोन मिनिटं चालाचं, मंग पुन्हा पळाचं. वीस मिनिटांत काम खल्लास!"

"पाहा, याले म्हणते जिद्द," अंकिता म्हणाली. म्हणाली भाऊजींना, पाहिलं मात्र ताराचंदच्या पोटाकडे.

झालं! ताराचंदच्या अंगाची लाहीलाही झाली. डोमाजी टेप घेऊन पुढे आला तसा तो छाती काढून म्हणाला, "माप कायले घेता? भाऊजींचंच माप मलेबी लावा. लग्नापर्यंत उतरवतो."

लग्नाला एक महिना होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पळाला. वीस पावलांत डोळ्यांपुढे काजवे चमकले. परत फिरणार, तोच शेजारच्या तानाबाईंच्या फाटकातून त्यांचा कुत्रा भुऱ्या भुंकत अंगावर आला, आणि ताराचंद असा सुटला, असा सुटला, की पार विजेच्या डीपीच्या खांबाशी जाऊन थांबला. खांबापलीकडे भुऱ्या येत नसे, तिथं त्याची हद्द संपायची. धापा टाकता टाकता ताराचंदच्या डोक्यात प्रकाश पडला. फाटक ते खांब पळणं, मागच्या गल्लीनं वळसा घालून चालणं, की पुन्हा फाटक, पुन्हा भुऱ्या. ना घड्याळ बघायचं, ना जिद्द लागायची! दुर्गेशच्या वीस मिनिटांचं काम दहा मिनिटांत.

चार दिवस झकास गेले. पण भुऱ्यानं पोटरी धरलीच तर फेकायला म्हणून ताराचंद खिशात पोळी ठेवू लागला आणि तिथंच घात झाला. आठव्या दिवशी भुऱ्या भुंकलाच नाही. आधीच खांबाशी जाऊन शेपटी हलवत बसला होता. आता भुऱ्या पळत नाही म्हटल्यावर ताराचंद तरी कशाला पळेल? दोघं नालीवरच्या रपट्यावर बसून पोळ्या खाऊ लागले. भुऱ्याला दोन, ताराचंदला तीन. (मेहनत दोघांची सारखीच.)

"अजी, पोळ्या लय संपून राह्यल्या," अंकिता म्हणायची.

"व्यायामानं भूक लागते," ताराचंद सांगायचा. हे खोटं नव्हतं.

लग्नाला आठ दिवस उरले आणि दुर्गेश मुक्कामाला आला. पहाटे ताराचंद उठायच्या आत पळायला गेला तो लालबुंद होऊन, हसत परतला. "काय कुत्रं हाय हो साडभाऊ तुमच्या गल्लीत! तीनदा मागं लागलं. आजवर इतका कधी पळालो नाई. आता रोज त्याच्याचसंग!"

"भाऊजींचं डोकं पाहा," अंकिता कौतुकानं म्हणाली. "कुत्र्याचाबी उपयोग करून घेतला!"

ताराचंद आतल्या आत जळून खाक झाला. ती अक्कल माझी होती, असं ओरडावंसं वाटलं, पण मग पोळ्यांचा हिशेब बाहेर आला असता. सगळ्यात जास्त झोंबलं ते भुऱ्याचं. पंधरा दिवस आपल्या पोळ्या खाल्ल्या आणि पळाला कोणामागं, तर त्या दुर्गेशमागं! मेलं कुत्रंसुद्धा फितूर!

त्याच संध्याकाळी डोमाजीकडे शेरवानी घालून पाहिली. बटण काजाच्या जवळपासही जाईना. "थान तं संपलं बाबू," डोमाजीनं डोकं खाजवलं. "ठेवून जा, पाहतो." ताराचंदनं त्या दिवसापासून रात्रीचं जेवण सोडलं. (दुर्गेश पळून आल्यावरचा, भुऱ्याबरोबरचा नाश्ता मात्र चालूच होता.)

आणि लग्नाच्या दिवशी चमत्कार! शेरवानी सर्रकन चढली, सगळी बटणं लागली. मांडवात ताराचंद नवरदेवाच्याही पुढे पुढे मिरवला. अंकिता त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अजी, आज तुमी भाऊजींच्या तोडीचे दिसून राह्यले." संसाराच्या बारा वर्षांत पहिल्यांदा! ताराचंदचे डोळे भरून आले.

एवढ्यात पंगतीतून डोमाजीनं हाक मारली, "काय मंग बाबू, काखेत दाटत तं नाई?"

"छे! आठ दिवसांत सारं उतरवलं," ताराचंद चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"कायचं उतरवलं?" डोमाजीचा आवाज त्याच्याहून मोठा. "भाऊजींची शेरवानी ढिली झालती, तिच्या दोन्ही बाजूनं पट्ट्या काढल्या न् तुमच्याले जोडल्या. एक चिंधी वाया गेली नाई!"

सगळी पंगत ताराचंदच्या काखेकडे पाहू लागली. दुर्गेशनं मात्र मोठ्या मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अजून लागलं तं सांगजा, साडभाऊ," तो म्हणाला. "मी पळूनच राह्यलो."