भानुदासकाकांच्या कंपनीचं लग्न

भानुदासकाकांची मोबाइल कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, तेव्हा त्यांनी आमच्या गल्लीत पेढे वाटले होते.

"कशाचे हो काका?" मी विचारलं.

"लग्नाचे. आपली कंपनी मोठ्या घरी पडली. घे, दोन घे."

अंबडच्या बसस्थानकावर कंट्रोलर असलेले काका निवृत्त झाल्यापासून माझ्या शेजारी एकटेच राहतात. व्यापारातली कुठलीही उलाढाल त्यांना सोयरिकीच्या भाषेतच कळते. पुढे ती मोठी कंपनीही तिसरीत गेली, तेव्हा म्हणाले, "घराणं वाढून राह्यलंय." रिचार्जच्या दुकानाची पाटी तीनदा रंगली, काकांचा नंबर मात्र तोच. "पोरीसंगं रुखवत जातंच की!"

मग एका नव्या कंपनीने फुकट कार्डं वाटली. सगळी गल्ली रांगेत उभी, त्यात मीही. काका ओट्यावरून म्हणाले, "फुकट देणाऱ्या सोयऱ्याची आधी चौकशी करावी, मास्तरीणबाई."

चौकशी कोण करतो? काकांच्या कंपनीची गिऱ्हाइकं गळाली, पाठोपाठ रेंज. शेवटी ती फक्त गच्चीवरच्या टाकीजवळ उरली. काका रोज संध्याकाळी टाकीला टेकून बसायचे. खालून कोणीतरी ओरडायचं, "काका, सासरवाडीला का?"

"व्हय! तुमी बसा फुकट्यांनो!"

एवढं करून ते फोन उचलत मात्र नसत. आता कितीही बोललं तरी वेगळे पैसे पडत नाहीत, हे मी त्यांना दहादा सांगितलं. "वाजला म्हंजे कळलं," ते म्हणत. "उचलायचं काय कारण?"

गेल्या महिन्यात त्यांनी एक मेसेज माझ्याकडून वाचून घेतला. कंपनी आमच्या भागातली सेवा बंद करत होती. महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या कंपनीत जा, असं लिहिलं होतं.

"सोडचिठ्ठी? बिलकुल न्हाई. पडत्या काळात साथ सोडू का?"

"काका, मग नंबर बंद पडेल."

"कसा पडंल? एखादं घर करीलच की तिला. नंबर तिच्यासंगं जाईल."

"या वेळी लग्न नाही. कंपनीच बंद. नंबर कायमचा जाईल."

काका ताडकन उठले. मग आत जाऊन पायात चपला अडकवून आले. "चल जल्दी. आधार कार्ड घेतलंय."

दुकानातली मुलगी म्हणाली, "आजोबा, जुना कशाला ठेवता? नवीन देते, लक्षात राहील असा."

"माझ्या लक्षात राहून काय करू?" काका म्हणाले. "तो पोरींच्या लक्षात हाय."

मुलीला काही कळलं नाही. मला कळलं. मी अंबडहून शेवटच्या एसटीने गावाकडे जाणाऱ्या त्याच पोरींपैकी एक. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फाट्यावर उतरून पुढे अर्धा तास चालावं लागे. पहिल्याच आठवड्यात काकांनी माझ्या पासच्या मागे पेनाने नंबर लिहिला होता. "घरी गेली की कोणाच्याबी फोनवरून मिस कॉल मारायचा. बोलायचं न्हाई, खर्चा करायचा न्हाई." सगळ्या पोरींचे मिस कॉल येईपर्यंत काका स्टँड सोडत नसत, हे मला फार पुढे एका कंडक्टरने सांगितलं. माझी पदवी झाली त्यात त्या नंबरचाही वाटा आहे. आणि मी मात्र इतकी वर्षं त्यांना फोन उचलायला शिकवत होते.

"अजून येतात का कोणाचे, काका?" परतताना मी विचारलं.

"येतो कधीमधी." ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "मागच्या दिवाळीत एक आल्ता."

तीन दिवसांनी नवं कार्ड सुरू झालं. आता घरातच भरपूर रेंज. काकांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. "बराबर लागला का न्हाई, कसं कळावं?"

"बघते," म्हणून मी घरी आले. त्यांच्या दारापासून माझं दार बारा पावलांवर. कडी लावली, नंबर फिरवला. तो मला अजून पाठ होता. मधल्या भिंतीपलीकडे फोन दोनदा वाजला आणि मी कापला.

"पोचली," काका रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले. मग त्यांनी चहाचं भांडं खडखडत काढलं.