लाल टोपीखालचा नवरा

आज एकही माणूस हरवणार नाही म्हणजे नाही! सकाळी स्प्लितच्या बंदरावर बसची वाट बघताना मी स्वतःला ठणकावून सांगितलं. आमच्या मालकाने, लोव्रेने, तर आदल्या दिवशीच दम भरला होता. "दिंका, मागच्या खेपेला तुझी एक मास्तरीण भलत्याच बोटीत चढून बेटावर गेली. आता आणखी एक तक्रार आली, तर गाईडचं काम विसर. घरी बसून सार्डिन मासे साफ कर!"

पण माझं नशीब जोरावर होतं. पाहुणे होते लिकाच्या डोंगरातले पेन्शनर, आणि झाडून सगळे गावाकडच्या लाल टोप्या घालून आलेले. बायकासुद्धा! बसमधून उतरले तेव्हा टोमॅटोची पाटी लवंडल्यासारखं वाटलं. मी खूश! टोप्या मोजायच्या आणि निर्धास्त राहायचं. यात चूक व्हायला जागाच कुठे होती?

जरा कुरबूर होती ती फक्त मांडाकाकू आणि त्यांचे यजमान योसोकाका यांच्यात. येताना काकांनी डब्यातलं चीज एकट्याने फस्त केलं होतं. "आज दिवसभर मी या माणसाचं तोंड बघणार नाही," असं जाहीर करून काकू माझ्याबरोबर पुढे चालत होत्या. काका पार मागे.

जुन्या रोमन सम्राटाच्या राजवाड्यात शिरलो. मी खांब दाखवले, तळघरं दाखवली. डोंगरातली माणसं ती! दगड त्यांनी घरी पुष्कळ पाहिलेले. निम्मे जांभया देत होते. मासळीबाजारापाशी पाच मिनिटं मोकळं सोडलं, टोप्या मोजल्या, बरोबर! आणि तिथून पुढे चमत्कारच झाला. मागच्या रांगेतल्या एका टोपीला एकदम इतिहासाची गोडी लागली!

"पोरी, हा सम्राट राज्य सोडून इथे करत काय होता?"

"कोबी लावत होता, काका."

"आणि बायको काही म्हणायची नाही? खिडक्या रंगवा, नळ बघा, असं काही?"

"इतिहासात तशी नोंद नाही."

"सुखी माणूस!" टोपी हळहळली.

त्यांच्या बोलण्याला जरा समुद्राचा वास येत होता खरा. पण मनापासून प्रश्न विचारणारा पाहुणा मिळाला की गाईडला कशाचाही वास येत नाही! जेवणात मासा जास्त भाजलाय म्हणून याच काकांनी थेट स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला झापलं. मला वाटलं, लिकाचे लोक किती चोखंदळ!

संध्याकाळी सगळे बसमध्ये चढले. टोप्या बरोबर. बस हलली. मी बंदरावरच्याच एका बाकावर बसून बूट काढले आणि फोन वाजला. मांडाकाकू!

"दिंका, माझ्याशेजारी जो माणूस झोपलाय ना, तो माझा नाही."

"काकू, रागात माणूस असं बोलतो."

"अगं राग कसला! माझा नवरा झोपेत शिट्टी वाजवतो. हा घोरतोय! म्हणून तोंडावरची टोपी उचलली, तर खाली दुसराच!"

मी ताडकन उठले. "त्यांना उठवा! फोन द्या!"

"बोल, पोरी," पलीकडून समुद्राचा वास आला. "मी शिमुन. इथलाच, स्प्लितचा. तुमचे योसोराव कंटाळले होते, त्यांना मासळीबाजारामागच्या आमच्या अड्ड्यावर पत्ते खेळायचे होते. मला घरी जायचं नव्हतं, बायकोने खिडक्या रंगवायला काढल्यात. त्यांनी मला टोपी दिली, मी त्यांना माझी खुर्ची दिली. बसमध्ये जरा टेकलो, तर डोळाच लागला."

ड्रायव्हरला फोन करून हमरस्त्यावरच्या पहिल्या पेट्रोल पंपावर थांबायला सांगितलं. तो म्हणाला, "अर्धा तास. त्यानंतर मी निघालो!" मी बूट हातात घेऊन मासळीबाजारामागे पळाले.

योसोकाका म्हाताऱ्यांच्या कोंडाळ्यात राजासारखे बसले होते.

"काका, उठा! बस गेली!"

"जाऊ दे. हुकूम माझ्याकडे आहे."

"काकू वाट बघतायत!"

"ती माझं तोंड बघणार नव्हती ना?"

आता मात्र माझंही डोकं फिरलं. मी त्यांच्या हातातली पानं ओढून टेबलावर उलटी टाकली. जिंकत होते बिचारे! तेवढ्यात कोपऱ्यावरून एक बाई आल्या. हातात ब्रश, ब्रशातून हिरवा रंग ठिबकतोय.

"शिमुन कुठाय?"

सगळ्या म्हाताऱ्यांनी पत्त्यांत तोंडं खुपसली.

"लिकाच्या वाटेवर," मी म्हणाले.

या फिल्काकाकू, शिमुनकाकांची बायको. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाल्या, "बसा गाडीत!" गाडी म्हणजे चाकं लावलेला पत्र्याचा डबा. घाटात योसोकाका सगळ्या संतांची नावं घेत होते आणि काकू वळणावर गाडीपेक्षा जास्त ओरडत होत्या. "खिडक्या टाकून फिरायला जातो! मला कधी नेलंन कुठे? तूच सांग, नेलंन?" मी आपली "जोरात चालवा," एवढंच म्हणत होते.

पंपावर पोचलो तेव्हा ड्रायव्हर बस सुरूच करत होता. मी आडवी उभी राहिले. हलवून दाखव म्हटलं!

मांडाकाकू उतरल्या, योसोकाकांची कॉलर धरली. फिल्काकाकूंनी शिमुनकाकांची धरली. मग दोघींचं एकमेकींकडे लक्ष गेलं.

"तुमचाही असाच?" मांडाकाकूंनी विचारलं.

"जन्मापासून!"

दोन्ही कॉलरी सुटल्या. दोघी बाजूला जाऊन बोलायला लागल्या. हसायलाही लागल्या. मला हायसं वाटलं. माणूस परत मिळाला, भांडण मिटलं, तक्रार टळली!

"चल गं आमच्याकडे," मांडाकाकू म्हणत होत्या. "कोकरू भाजू, बटाटे भाजू. मागचं बाकडं रिकामंच आहे."

"येतेच!" फिल्काकाकू तरातरा बसमध्ये चढल्या आणि खिडकीतून ओरडल्या, "शिमुन, रविवारी येईन! तोवर खिडक्या झाल्या पाहिजेत!"

बस गेली. मागच्या काचेतून लाल टोप्या हलत होत्या. मी जिंकल्याच्या थाटात हात हलवला आणि वळून म्हणाले, "चला काका, मी चालवते. किल्ली द्या."

"किल्ली? ती फिल्काच्या पर्समध्ये."

मी बसच्या दिशेने पाहिलं. रस्ता रिकामा होता. मांडाकाकूंना फोन लावला. कुणी उचलेना, गाणी चालू असणार!

शिमुनकाकांनी पंपावरची एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, ऐसपैस बसले आणि अगदी मनापासून म्हणाले,

"बरं, पोरी. आता या पंपाचा इतिहास सांग."

सांगितला. दुसरं करणार काय!