सुपडाभाऊंचा खुंटा आणि मागंपुढं

धामणगाव बढ्याचे फोटोवाले सुपडाभाऊ नसते, तर माझी नोकरी पहिल्याच उन्हाळ्यात गेली असती आणि मी नांदुऱ्याहून गाडी धरून कोकणात आईसमोर मान खाली घालून उभा राहिलो असतो. त्यांचं नाव आधीच सांगून टाकतो. कारण पुढे गोष्टीत अस्वल येतं, आणि एकदा अस्वल आलं की माणसाकडे कोणी लक्ष देत नाही, असा माझा अनुभव आहे.

भाऊ मला पहिल्यांदा दिसले ते भर बाजारात, एका म्हशीकडे पुठ्ठ्याच्या नळीतून बघताना. म्हैस समोरच उभी. उघड्या डोळ्यांनी दिसत नव्हती असं नाही. तरी भाऊंनी एक डोळा मिटून नळी दुसऱ्या डोळ्याला लावली होती. मग काखेतून दुसरी नळी काढली. ती जरा वेगळी होती, म्हणजे एका नळीत दुसरी सरकवलेली. ती मागेपुढे करत त्यांनी तीच म्हैस पुन्हा पाहिली आणि हळहळून म्हणाले, "शिंग कापल्या गेलं."

म्हशीचा मालक दचकला आणि शिंग चाचपायला लागला.

भाऊंचा स्टुडिओ बसथांब्यासमोर होता. पोटासाठी ते नवरानवरीचे आणि बारशाचे फोटो काढत, पण जीव सगळा जंगलात. त्यांच्या साध्या कॅमेऱ्यात हरीण तिळाएवढं यायचं. गिऱ्हाइकाला ते भिंग लावून हरीण दाखवायचे, आणि गिऱ्हाईक भलत्याच दगडाला हरीण म्हणायचं. म्हणून त्यांना लांबचं जवळ आणणारी लेन्स घ्यायची होती. अशी लेन्स दोन जातींची असते, हे मला त्यांनीच शिकवलं. एकीचा पल्ला कायमचा ठरलेला. चित्रात कमी-जास्त हवं असेल तर आपणच पुढेमागे चालायचं. दुसरी झूम, कडं फिरवलं की जागेवरूनच जवळ-लांब होणारी. पहिलीला भाऊ 'खुंटा' म्हणत, दुसरीला 'मागंपुढं'. दोन्हींतून एक निवडायची होती, आणि कित्येक वर्षं ते निवडतच होते. त्या नळ्या म्हणजे या निवडीची तालीम.

"खुंटा म्हंजे खुंटा," चहाच्या हॉटेलात ते सांगत. "उजेड जास्त घेते, केस न् केस दाखोते. मागंपुढं आळशाचं काम हाय. पाय कायले देले देवानं?"

दुसऱ्या दिवशी तेच म्हणत, "पण मी पायानं जाईपर्यंत हरीण थांबते काय बे?"

हॉटेलवाले इस्माईलचाचा कप विसळत म्हणाले, "सुपडाभाऊ, लोक बायको पसंत कराले इतका टाइम नाई लावत."

"म्हून तर मी केलीच नाई," भाऊ म्हणाले.

संध्याकाळी नांदुऱ्याची बस आली की भाऊ दोन्ही नळ्या घेऊन स्टुडिओच्या पायरीवर बसत आणि बसचं दार न्याहाळत. शेवटचा माणूस उतरेपर्यंत नळी खाली यायची नाही.

"भाऊ, बस काय जंगली जनावर हाय?" पोरं विचारत.

"बस नाई. कंडक्टर हाय."

मीही हसायचो. मी सातवीत शाळा सोडलेला. मामाच्या ओळखीनं जंगलखात्यात रोजंदारीवर लागलो आणि समुद्र सोडून इथं डोंगरात आलो. महाराष्ट्र राज्याला तेव्हा दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. माझी बोली इथल्यांना कळायची नाही, इथली मला कळायची नाही. राहायला जागा नव्हती, तेव्हा भाऊंनीच स्टुडिओमागच्या खोलीतली खाट दाखवली. ट्रंकेतून दोन सदरे काढून दिले. ते मला अगदी बरोबर बसले. भाऊ माझ्या दीडपट रुंद. सदरे कोणाचे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

माझ्याकडे उंबरदऱ्याची राखण होती. तिथल्या पाण्यावर एका सकाळी मी अस्वल पाहिलं. मादी होती आणि पाठीवर दोन पिल्लं बसलेली. मी धावत येऊन खात्याच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, त्या दऱ्यात अस्वल उरलेलंच नाही. हा कोकणातला भित्रा पोरगा, दऱ्यात जायला नको म्हणून अस्वल रचतो. "पुढच्या सोमवारी मी येतो. पुरावा दाखव, नाहीतर तुझं तिकीट मी काढून देतो."

घरी आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या. त्या दिवशी चाचांच्या हॉटेलात मी चहा पुढ्यात ठेवून डोळे पुसत बसलो. भाऊंनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग, सवयीनं, नळीतून पाहिलं.

"काऊन रडून राह्यला बे?"

मी सगळं सांगितलं.  भाऊ उठून स्टुडिओत गेले आणि त्याच दिवशी मुंबईच्या एका ओळखीच्या दुकानदाराला निरोप धाडला. तो दुकानदार कधीपासून म्हणत होता की दोन्ही जुन्या लेन्स पाठवतो, बघा, एक ठेवा आणि एक परत करा. भाऊच लांबणीवर टाकत होते. शनिवारच्या बसनं दोन्ही लेन्स आल्या. एवढ्या वर्षांची तालीम माझ्यापायी दोन दिवसांवर आली.

रविवारी उजाडताना आम्ही उंबरदऱ्यात पाण्याच्या वर, करवंदीच्या जाळीमागे बसलो. कॅमेऱ्याला भाऊंनी खुंटा लावला होता. मागंपुढं पिशवीत. सवयीच्या त्या पुठ्ठ्याच्या नळ्याही सोबत होत्या. भाऊ कानात म्हणाले, "आपला कॅमेरा आवाज लय करते. एकदा चाप दाबला का ते पळालंच समज. एकच फोटो भेटन."

आणि अस्वल आलं. तसंच, पिल्लांना पाठीवर घेऊन, झोपेतून उठलेल्या म्हातारीसारखं डुलत. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी डोळ्याला लावली होती पुठ्ठ्याची नळी.

"वा," ते पुटपुटले.

"भाऊ, कॅमेरा," मी म्हणालो. 

"हाव की," म्हणत त्यांनी नळी ठेवली आणि दुसरी नळी उचलली. मी त्यांच्या हातातून ती ओढून घेतली, तेव्हा कुठे त्यांना आपल्याकडे आता खरी लेन्स आहे हे आठवलं.

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि ते अगदी स्तब्ध झाले. नंतर त्यांनीच सांगितलं म्हणून मला माहीत, की त्या खुंट्यात अस्वलाचा नुसता चेहरा मावला होता. नाकावरचं पाणी दिसत होतं आणि कानामागून डोकावणाऱ्या पिल्लाचे डोळेसुद्धा. "असा फोटो माणसाले जन्मात एकडाव भेटते." त्यांचं बोट चापावर होतं. 

बोट खाली गेलं नाही. भाऊंनी कॅमेरा खाली घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि खुंटा काढायला लागले. अस्वल कधीही निघून गेलं असतं. मला वाटलं, यांची निवड अजून चाललीच आहे, आणि मला रडू यायला लागलं. त्यांनी घाईगडबड न करता मागंपुढं बसवलं, कडं फिरवत फिरवत अस्वल लांब केलं, आणि चाप दाबला. दऱ्यात केवढा आवाज झाला. अस्वलानं मान वर केली आणि पिल्लांसकट झाडीत शिरलं.

"भाऊ, आधीच का नाही काढला?"

"नुसत्या थोबाडाचा फोटो पाहून साहेब म्हणन, सर्कशीतलं हाय. तुले अस्वल नाई, जागा दाखवाची होती."

दुपारी भाऊ फोटो धुवायच्या काळोख्या खोलीत शिरले. मी दाराबाहेर नखं खात बसलो. इस्माईलचाचांनी न मागता चहा आणून ठेवला आणि तेही शेजारी टेकले. दार उघडलं तेव्हा भाऊंच्या चिमट्यात ओला कागद होता. त्यावर पाणी, अस्वल, दोन पिल्लं, आणि डाव्या कोपऱ्यात खात्याचा चुना मारलेला हद्दीचा दगड, आकड्यासकट. उंबरदऱ्याचा आकडा.

सोमवारी साहेबांनी फोटो जवळ नेला, लांब नेला. शेवटी म्हणाले, "दगड तर आपलाच आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दऱ्यात एकटा जाऊ नकोस."

मी बाहेर येऊन साहेबांच्या जीपच्या चाकाला टेकून बसलो.   आईला मी कळवलं की जेवण नीट आहे. बाकीचं कळवण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी स्टुडिओत गेलो तर टेबलावर एकच लेन्स होती.

"भाऊ, तुमचा खुंटा?"

"धाडला परत. मागंपुढं ठेवलं."

"पण ते तर आळशाचं काम."

तेवढ्यात नांदुऱ्याची बस आली. भाऊ कॅमेरा घेऊन पायरीवर बसले. या वेळी नळ्या नव्हत्या. मी शेजारी बसलो. बसमधून माझ्या वयाचा एक पोरगा उतरला, पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन चालू लागला. भाऊ कडं हळूहळू फिरवत त्याच्यासोबत कॅमेरा सरकवत राहिले. पोरगा जवळ आला, आमच्यासमोरून पुढे गेला. भाऊंनी कॅमेरा मांडीवर ठेवला.

"वसंता अशीच पेटी घेऊन गेलता," ते म्हणाले. "लहान भाऊ माहा. हातून कॅमेरा पडला त्याच्या, मी नाई नाई ते बोललो. तो बसला ह्याच बसमंदी."

मी अंगातल्या सदऱ्याकडे पाहिलं.

"खुंट्यात बसचं दार नुस्तं दिसते," भाऊ कडं पुसत म्हणाले. "पण माणूस येते तवा दारात थोडाच उभा राह्यते? चालत येते. मंग त्याच्यासंगं मागं मागं सरा लागते, पार जवळ येईपर्यंत."

त्यानंतर भाऊंच्या त्या पायरीवर बसण्याला मी कधी हसलो नाही.

आता माझी बदली दुसरबीडकडे झाली आहे, आणि नोकरी पक्की आहे. माझ्या ओळखीतला कोणी नांदुऱ्याकडे, मुंबईकडे निघाला की मी त्याला वसंताबद्दल विचारायला सांगतो. तो सापडेल तेव्हा सापडेल. पण भाऊ, मी मात्र एका संध्याकाळी त्या बसमधून नक्की उतरणार आहे, माझ्या पगारातून तुमच्यासाठी घेतलेला खुंटा काखेत घेऊन. दारापासून कडं फिरवत राहा. जवळ येईपर्यंत मी अगदी हळू चालीन.