भांडं कोरडं पडू द्यायचं नाही

भावसार सर पोहे खात नाहीत, आधी ते वेगळे करतात. बशी समोर आली की कोथिंबीर एका कडेला, कढीपत्ता दुसऱ्या, शेंगदाणे तिसऱ्या. सगळ्यांचे ढीग लागले की मग खायला सुरुवात, आणि तीही क्रमाने. "हलकं आधी, जड मागून." तोवर पोहे गारढोण.

आमची ओळखच एका लग्नाच्या पंगतीत झाली. मी जेवलो, हात धुतले, मुलीच्या बापाशी दोन शब्द बोलून परत आलो, तरी ह्यांची मिक्स भाजी अजून वाटाण्यांवरच अडकलेली.

माणसांनाही ते हेच लावतात. आहेर देऊन सटकतात ते 'पहिला कट'. जेवून जातात ते 'मधला कट'. आणि मांडव सुटेपर्यंत थांबून सतरंज्या गोळा करतात ते 'तळाचा माल'. मला वाटलं, डोकं फिरलंय. पण त्यांचा जन्म गुजरातेत रसायनांच्या कारखान्यांचे आराखडे काढण्यात गेलाय; तिथे भट्टीतून टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या मालाला 'कट' म्हणतात. आता निवृत्त होऊन गावात, शनवाऱ्यातल्या घरात लॅपटॉपवर खोटी भट्टी पेटवतात आणि खऱ्या भट्टीतून काय निघेल ते सांगतात.

माझी भट्टी खरी आहे. घर तापीपलीकडे जैनाबादला, भट्टी त्याच्याही पुढे. छपाईवाल्यांचं वापरलेलं, रंगाने घाण झालेलं थिनर आणायचं, उकळायचं, वाफ थंड केली की चांगलं थिनर परत विकायचं. सायकलला कॅन बांधून सुरुवात केली, कुणाच्या बापाने हात दिला नाही. भाव करण्यात मला तोड नाही. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या तरी मी तीनवर आणतो.

तर एका मोठ्या छपाई कंपनीचं वर्षभराचं थिनर मला मिळायचं घाटत होतं. काम मिळालं तर दुसरी भट्टी टाकायची, असं मी घरात बोलूनही बसलो होतो. पण रांगेत आणखी दोघे होते, आणि अट अशी, की एका बॅचमधून किती माल परत येईल त्याचा सॉफ्टवेअरमधला हिशेब आधी पाठवा. मी सरांचं दार ठोठावलं.

पडद्यावर भट्टीचं चित्र आलं, बाजूला रकाने. थिनर, पाणी, रंगाचा गाळ. प्रत्येकापुढे लिहायचं, शंभरातले किती वाफ होऊन वर जाणार. उरेल ते आपोआप तळाला.

"थिनरपुढे शंभर टाका," मी म्हणालो.

"पंच्याऐंशी."

"नव्व्याण्णव."

"पंच्याऐंशी."

"बरं, तुमचंही नाही, माझंही नाही. पंच्याण्णव. फायनल!"

सरांनी चष्मा काढला. "भाऊ, ही केळीची मंडी नाही. सगळं वर ओढलंत तर खाली कोरडा रंग राहील. भांडं करपेल, एखाद दिवशी पेट घेईल. भांडं कोरडं पडू द्यायचं नाही."

"अहो, पण हे भांडं कॉम्प्युटरमधलं आहे!"

"म्हणून काय झालं?"

मी चपला घालून निघालो तर मागून आवाज, "उद्या या. अजून एक कट बघू."

दुसऱ्या दिवशी गेलो तर पाण्याचं राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणे, भट्टी गरम व्हायला लागणारा वेळ धरला नाही. मग वाफ थंड करायचं पाणी उन्हाळ्यात किती कोमट असतं, ते. मी रोज तापी ओलांडून जायचो, रोज ओरडायचो. सर शांतपणे पोहे पुढे करायचे. त्यांनीच केलेले. वहिनी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या त्या 'महिन्याभरासाठी'. नातू आता शाळेत जातो.

"सर, ते दोघे माझं काम पळवतील हो!"

"टेन्शन मत लो, भाऊ. चहा घ्या."

आणि परवा कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. काम माझं! "आपका हिसाब तो पिछले हफ्ते ही मिल गया था," तो म्हणाला. "बाकी लोगों ने तो नीचे कुछ छोड़ा ही नहीं. भट्टी चलाने वाले आप ही लगे."

पेढे वाटायचे सोडून माझं डोकं सणकलं. मागच्या आठवड्यात? मला न विचारता पंच्याऐंशीवर पाठवून मोकळे? मी असतो तर नव्वदपर्यंत नक्की ओढला असता. आणि वर मला रोज नाचवतात! तसाच शनवारा गाठला.

"सर! हिशेब पाठवून झाला होता ना?"

सर गॅसपाशी उभे होते. ओट्यावर दोन बशा. एकीत कोथिंबीर, शेंगदाणे, सगळं आपापल्या जागी. दुसरीत सगळं एकत्र, वर लिंबाची फोड. ती माझी.

"पाठवला होता," ते म्हणाले. "सांगणारच होतो. मग म्हटलं, अजून एक कट बघू."

"कसला कट? काम तर संपलं होतं!"

त्यांनी गॅस बारीक केला. "तुम्ही येता, भांडता. घरात जरा आवाज होतो." मग कढईत बघत म्हणाले, "बाकी सगळं वर गेलं हो, भाऊ."

मी चपला काढल्या. बसलो. पोहे गरम होते.

"रविवारी येत जाईन," मी म्हणालो.

"रविवार आणि बुधवार."

"रविवार. मिरची कमी टाका."

"मंगळवार, गुरुवार आणि रविवार."

समोरचा असा वर चढायला लागला की उठून चालू पडायचं, तो आपोआप खाली येतो. हे मी जन्मभर केलंय. मी बशी पुढे ओढली.

"रोजच येतो," मी म्हणालो. "भट्टीवर जाताना वाटेतच पडतं."

भट्टी कुठे आहे ते सरांना पक्कं ठाऊक आहे, आणि मधे तापी आहे हेही. त्यांनी फक्त एक शेंगदाणा उचलून माझ्या बशीत टाकला.

पंच्याऐंशीचा राग मात्र अजून गेलेला नाही. त्यावरून आम्ही रोज भांडतो.